इंजिनाचा ठोका आणि टॉमस मिजली

चरित्रलेख लिहायचा तो थोर पुरुषाचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. वार्षिकांचे जुने अंक चाळले तर त्यांत लोकमान्य भेटतात, महर्षी कर्वे भेटतात, मादाम क्यूरी भेटते. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो टॉमस मिजली हा अमेरिकन संशोधक. तो थोर होता की नव्हता, हे त्याच्याविषयी मिळेल ते वाचूनही मला ठरवता आलेले नाही. हयातीत त्याला रसायनशास्त्रातले बहुतेक मोठे मानसन्मान मिळाले. आज त्याचे नाव निघते ते मात्र हवेतले शिसे आणि ओझोनचे विरलेले आवरण यांच्या संदर्भात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याच्याविषयी कुतूहल आहे ते एका प्रश्नापुरते. ज्या माणसाने एका यंत्राचे दुखणे इतक्या अचूकपणे ओळखले, त्याला स्वतःच्या छातीतले दुखणे कळूनही त्याचा अर्थ का लावावासा वाटला नाही?

ते यंत्राचे दुखणे काय, हे आधी सांगितले पाहिजे. माझ्या मामांचे साताऱ्याला गॅरेज आहे. सुट्टीत तेथे बसून मी जे पाहिले आणि ऐकले त्यावरून लिहितो. कार्बोरेटरची जुनी गाडी खंबाटकीच्या चढाला लागली, ड्रायव्हरने गिअर न बदलता पाय तसाच दाबून धरला, की कधीकधी बॉनेटखालून बारीक टणटण सुरू होते. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा तो आवाज. गिअर खाली टाकला किंवा पाय सैल केला की थांबतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात; जुने मिस्त्री पिंकिंगही म्हणतात. गिऱ्हाईक बहुधा टॅपेट वाजतात अशी तक्रार घेऊन येते. मामा प्रथम एवढेच विचारतात की गाडी उभी असताना आवाज येतो का? टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही येतो, नॉकिंगचा ओझे पडल्यावरच येतो. मग पेट्रोल कोठे भरले ते विचारायचे. मग डिस्ट्रिब्यूटर सैल करून किंचित फिरवायचा, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडते. याला टायमिंग मागे घेणे म्हणतात. तेवढ्याने भागले नाही तर प्लग काढून पाहायचे, रेडिएटर तुंबला आहे का ते पाहायचे, आणि शेवटी हेड उतरवून आत साचलेला कार्बन खरवडायचा. हा क्रम मामा कधी चुकवीत नाहीत. आधी हेड उतरवणारा मिस्त्री त्यांच्या मते मिस्त्रीच नव्हे. नव्या गाड्यांत हे सारे काम इंजिनाला चिकटवलेला एक लहानसा सेन्सर करतो. तो ठोका ऐकतो आणि संगणक टायमिंग आपोआप मागे घेतो. गाडीवाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आत घडते ते असे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो. ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ही ज्वाला पोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहून एकदम पेटले, तर दाबाच्या लाटा धातूच्या भिंतींवर आदळतात. तोच ठोका. त्यात शक्ती वाया जाते आणि फार काळ चालले तर दट्ट्याला भोक पडते. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळते. पण जितके अधिक दाबावे तितका ठोकाही वाढतो. म्हणजे इंजिन अधिक कार्यक्षम करण्याच्या वाटेवर हा ठोका दार अडवून उभा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिश्रण साधारण चौथ्या हिश्शाइतके दाबण्यापलीकडे मोटारवाल्यांना जाता येत नव्हते.

टॉमस मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावी झाला. तो वाढला ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात. वडील टायरच्या धंद्यातले आणि स्वतः संशोधक. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये तो पदवीधर झाला, तो यंत्र अभियांत्रिकीचा. रसायनशास्त्राची त्याची पदवी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे याच शास्त्रातले मानसन्मान त्याच्याकडे चालत आले. काही दिवस रोकडयंत्रांच्या कारखान्यात, काही दिवस वडिलांबरोबर टायरच्या उद्योगात असे करीत १९१६ मध्ये तो डेटन शहरी चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

केटरिंग हा त्या काळचा नामांकित यंत्रविद. हँडल मारून मोटार सुरू करण्याचे कष्ट त्याच्या विजेच्या स्टार्टरने संपवले होते. पण त्याच सुमारास नव्या, अधिक जोरदार इंजिनांतून ठोका ऐकू येऊ लागला आणि दोष आला तो केटरिंगच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगीच्या यंत्रणेवर. शिवाय खेड्यांतील घरांना वीज पुरवण्यासाठी तो केरोसिनवर चालणारी लहान जनित्रे बनवीत असे, तीही खडखडा ठोके देत. मिजलीने सोपवलेले पहिले लहानसे काम उरकले आणि पुढे काय करू असे विचारले, तेव्हा केटरिंगने हे ठोक्याचे प्रकरण त्याच्या हवाली केले. त्या विचारण्याने मिजलीच्या पुढच्या आयुष्याला दिशा दिली.

दोष ठिणगीचा आहे असे सगळे धरून चालले होते. ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि म्हणून ठोका बसतो, हा रूढ समज. मिजलीने तो समज मानला नाही आणि नाकारलाही नाही. त्याने तो तपासला. सिलिंडरमधल्या दाबाची क्षणाक्षणाची नोंद फिल्मवर उमटेल अशी व्यवस्था त्याने केली. नोंद पाहिली तर दाबाची एकाएकी चढणारी सुई ठिणगीच्या आधी नव्हती, नंतर होती. म्हणजे ठिणगी निर्दोष. दोष जळण्याच्या रीतीत आणि म्हणून इंधनात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा जो प्रकार चालला होता तो या एका नोंदीने थांबला. माझ्या समजुतीप्रमाणे मिजलीच्या आयुष्यातले हे सर्वांत निर्मळ काम. पुढे त्याला पदके मिळाली ती मात्र याबद्दल नव्हेत.

निदान झाले, आता औषध. येथे एक गमतीची हकीकत आहे. अमेरिकेच्या रानात ट्रेलिंग आर्बुटस नावाचे एक सरपटणारे झुडूप असते. वसंताच्या अगदी आरंभी, बर्फ असतानाच ते फुलते आणि त्याच्या पानांची खालची बाजू लालसर असते. लाल रंगामुळे ते उष्णता लवकर शोषून घेत असावे, आणि केरोसिन लाल केले तर तेही उष्णता लवकर शोषून, लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा तर्क केटरिंग आणि मिजली यांनी बांधला. तर्क वेडगळ होता. १९१६ च्या डिसेंबरात मिजली लाल रंग शोधू लागला, तर प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा रंग नव्हता. आयोडिन होते. आयोडिनने तेल लाल होते, म्हणून तेच टाकले. ठोका कमी झाला!

दुसरा कोणी येथेच थांबून लाल रंगाचा सिद्धांत मांडून मोकळा झाला असता. मिजलीने गावातून मिळतील ते दुसरे लाल रंग आणून टाकून पाहिले, ठोका तसाच. मग आयोडिनचे रंगहीन संयुग टाकले; ठोका गेला. रंगाचा संबंध नव्हता, गुण आयोडिनचा होता. चुकीच्या तर्काने खरा शोध लागला आणि पुढच्याच प्रयोगाने तो तर्क टाकून देण्यात आला. शास्त्रीय पद्धत म्हणजे काय हे सांगताना आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. प्रयोगशाळेत नेमका त्या दिवशी लाल रंग सापडला असता तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आयोडिन महाग आणि धातू खाणारे. ते चालण्यासारखे नव्हते. मध्ये युद्धाची वर्षे गेली, त्यांत विमानांच्या इंधनावर काम झाले. १९१९ च्या जानेवारीत ॲनिलिन या द्रव्याचा गुण दिसला, पण त्याचा वास वाईट. १९२१ मध्ये सेलेनियम आणि टेल्युरियम यांची संयुगे हाती आली. टेल्युरियमने ठोका छान थांबत असे, परंतु लसणासारखी दुर्गंधी अंगाला आणि कपड्यांना अशी चिकटे की धुऊनही जाईना. यानंतर मिजलीने हाताला येईल ते टाकून पाहणे सोडले आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी समोर मांडली. आजवर गुण आलेली मूलद्रव्ये सारणीत कोठे बसतात ते पाहिल्यावर एक कल दिसू लागला. तो कल धरून सारणीत खाली उतरत गेले की कथिल लागते आणि कथिलाखाली शिसे. ९ डिसेंबर १९२१ रोजी डेटनच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, इंजिनात टाकून पाहिले. गॅलनभर पेट्रोलला सुमारे ३ घन सेंटीमीटर, चमचाभरही नाही, एवढ्याने काम भागत होते. टी. ए. बॉइड आणि कॅरोल होकवॉल्ट हे मिजलीचे सहकारी. बारा महिने तेरा काळ त्या एका आवाजाचा छळ सोसलेल्या या मंडळींना त्या दिवशी किती हायसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

आता कथेतला कठीण भाग. शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. रंगकाम करणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे, यांच्या शिसेबाधेची माहिती वैद्यकाला पूर्वीपासून होती. हे संयुग तर कातडीतूनही शरीरात शिरते. आणि दुसरे औषध नव्हते असेही नाही. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलला ठोका येत नाही, हे मिजलीला स्वतःच्या प्रयोगांवरून माहीत होते. टेट्राएथिल लेड सापडण्यापूर्वी दोनच महिने, १९२१ च्या ऑक्टोबरात, त्याने ३० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावर जास्त दाबाच्या इंजिनाची मोटार डेटनहून इंडियानापोलिसला अभियंत्यांच्या सभेसाठी नेली होती. मग अल्कोहोल मागे का पडले? ते पुष्कळ प्रमाणात मिसळावे लागते, एवढे सारे कोठून आणायचे हा प्रश्न होता, हे खरे. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याची मक्तेदारी करता येत नाही, आणि शिशाच्या चमच्याची करता येते, हेही तितकेच खरे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यावर अधिक सांगता येईल.

१९२३ च्या जानेवारीत मिजली आजारी होता. शिशाच्या संयुगांबरोबर वर्षभर काम केल्याने आपल्या फुफ्फुसांवर परिणाम झाला आहे, काम सोडून भरपूर मोकळी हवा घेतली पाहिजे, असे त्याने पत्रात लिहिले, व्याख्यानांची निमंत्रणे नाकारली आणि तो फ्लोरिडातल्या मायामीला हवापालटासाठी गेला. म्हणजे निदान त्याने स्वतःच केले होते, आणि ते बरोबर होते. त्याच सुमारास २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्या एका पंपावर शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली. नाव ठेवले होते एथिल. शिसे हा शब्द त्यात कोठेच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या तीन क्रमांकांच्या गाड्या हेच इंधन वापरीत होत्या. याहून मोठी जाहिरात ती कोणती! आणि एथिलला रंग कोणता दिला होता म्हणाल, तर लाल.

एक व्यावहारिक अडचणही त्याने सोडवली, ती येथेच सांगतो. शिसे जळून त्याची राख व्हॉल्व्हवर आणि प्लगवर बसे. ती बाहेर पडावी म्हणून ब्रोमिनचे एक संयुग मिसळण्याची युक्ती काढण्यात आली. एवढे ब्रोमिन आणायचे कोठून, तर समुद्राच्या पाण्यातून! त्यासाठी आधी एका जहाजावर प्रयोग केला आणि १९३० च्या दशकात उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कारखाना उभा राहिला. राख अशी धुरांड्यातून बाहेर पडली, की गाडीचा प्रश्न संपत असे. ती पुढे कोठे जाते, हा प्रश्न गाडीचा नव्हता.

१९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कंपनी काढली. त्या वर्षी डेटनला हे द्रव्य हाताळणारे दोन कामगार दगावले. न्यू जर्सीतल्या डीपवॉटर येथील द्यू पॉन्तच्या कारखान्यातही माणसे मरत होती. तेथील कामगारांना नसलेले किडे हवेत उडताना दिसत आणि ते त्यांना हाताने झटकीत. त्या इमारतीला कामगारांनी फुलपाखरांचे घर असे नाव पाडले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात काही दिवसांत पाच जण भ्रमिष्ट होऊन मेले आणि कितीतरी जण इस्पितळात गेले. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी हा विषय उचलून धरला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया शहरांत या पेट्रोलवर बंदी आली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली न्यूयॉर्कमध्ये वार्ताहरांसमोर उभा राहिला. त्याने टेट्राएथिल लेडच्या भांड्यातले द्रव्य आपल्या हातांवर घेतले, साबण लावावा तसे चोळले, नंतर बाटली नाकाशी धरून सुमारे मिनिटभर तिचा वास घेतला, आणि रोज असे केले तरी आपल्याला काही होणार नाही असे सांगितले. मायामीचा हवापालट होऊन पावणेदोन वर्षे झाली होती.

हा प्रसंग वाचल्यापासून मी त्याचा निरनिराळ्या बाजूंनी विचार केला आहे. तो सरळ खोटे बोलत होता, असे म्हणणे सोपे आहे, आणि काही अभ्यासक तसे म्हणतात. काही म्हणतात की जपून हाताळले तर धोका नाही, मेलेले कामगार निष्काळजी होते, अशी त्याची खरोखरच समजूत होती. मला वाटते, ही दोन्ही उत्तरे त्याला फार स्वस्तात सोडतात. ठिणगीवरचा आरोप ऐकल्यावर ज्याने फिल्मवर नोंद घेतल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, लाल रंगाचा स्वतःचाच तर्क ज्याने दुसऱ्या दिवशी मोडला, त्याला पुराव्याची रीत शिकवण्याची गरज नव्हती. येथे त्याने ती रीत वापरली नाही, इतकेच. मिनिटभर वास घेऊन काय सिद्ध होते? शिसे मिनिटात मारीत नाही, ते हळूहळू साठते. हे त्याच्या स्वतःच्या फुफ्फुसांनी त्याला वर्षभरात दाखवले होते.

२० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला सरकारी आरोग्यप्रमुखांनी परिषद बोलावली. येलचे यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक रोगांच्या जाणकार डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इशारा दिला, की कारखान्यातील अपघात आवरता येतील, पण रस्त्यारस्त्यांत बारीक धुळीच्या रूपाने शिसे साठत जाईल ते कोण आवरणार? उद्योगाच्या बाजूचे म्हणणे होते की दुसरा पर्यायच नाही. मिजलीनेही त्या वर्षी जाहीरपणे तेच सांगितले. इंडियानापोलिसची ती सफर जणू झालीच नव्हती. विक्री तात्पुरती थांबली. नेमलेल्या समितीने २५२ माणसे तपासली आणि १९२६ च्या जानेवारीत बंदी घालण्यास सबळ कारण नाही असा निर्णय दिला. अभ्यास मात्र पुढे चालू ठेवावा असेही सुचवले. निर्णय अमलात आला, सूचना कागदावर राहिली. पेट्रोल किती ठोका सोसते ते मोजण्याची ऑक्टेनची मोजपट्टीही याच सुमारास एथिल कंपनीत ग्रॅहम एडगर याने तयार केली. पंपावर आपण आजही तिचेच आकडे वाचतो.

मिजलीच्या दुसऱ्या शोधाविषयी थोडक्यात. त्या काळी शीतकपाटांत सल्फर डायॉक्साइडसारखे विषारी वायू असत आणि गळती झाली तर घरात माणसे मरत. १९२८ च्या सुमारास मिजली आणि त्याचे सहकारी आल्बर्ट हेने व रॉबर्ट मॅकनेरी यांनी न पेटणारा आणि विषारी नसलेला वायू तयार केला. आवर्तसारणी पुन्हा कामी आली. पुढे तो फ्रिऑन म्हणून प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये अटलांटा येथील सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि हळूच फुंकून मेणबत्ती विझवली. या वेळी छाती खरोखरच सुरक्षित होती. तो वायू वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन ओझोन नष्ट करतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. मिजलीच्या हयातीत ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. म्हणून या दोन शोधांना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही. फ्रिऑनच्या बाबतीत तो अजाण होता. शिशाच्या बाबतीत त्याला तसे म्हणता येत नाही.

१९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये प्रीस्टली पदक, शंभराहून अधिक पेटंटे, आणि १९४४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. परंतु १९४० मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, पोलिओने त्याचे पाय गेले. तेव्हाही त्याने आपल्या दुखण्याकडे यंत्रज्ञाच्या नजरेने पाहिले. पलंगावरून उठून खुर्चीत बसता यावे म्हणून दोऱ्या आणि कप्प्यांची एक व्यवस्था त्याने स्वतःच आखली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरी त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्याला मृत्यू आला. अपघात की आत्महत्या, याविषयी चरित्रकारांत एकमत नाही. वय पंचावन्न.

त्याच्यामागे शिसे वाढतच गेले. पृथ्वीचे वय मोजण्यासाठी शिशाचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसनला आपल्या प्रयोगशाळेत जेथे तेथे परके शिसे सापडू लागले, आणि १९६५ मध्ये त्याने माणसांच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट झाले असल्याचे मांडले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमनने शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापनातली आणि वर्गातली कामगिरी कमी, असे आढळले. तरीही अमेरिकेत शिशाला पहिला मोठा धक्का दिला तो १९७५ च्या गाड्यांत आलेल्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राने, कारण त्यातील प्लॅटिनम शिशाने निकामी होई. मुलांचे दात थांबू शकत होते, प्लॅटिनम थांबू शकत नव्हते.

आपल्याकडे १९९५ पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. माझ्या मामांना ते दिवस चांगले आठवतात. जुन्या गाड्यांचे मालक व्हॉल्व्ह बसतील या भीतीने गॅरेजमध्ये येत, आणि मामा टायमिंग थोडे मागे घेऊन त्यांना परत पाठवीत. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथे २०२१ च्या जुलैत हे पेट्रोल संपले. लहान विमानांच्या दट्ट्याच्या इंजिनांसाठी मात्र शिशाचे पेट्रोल अजून विकले जाते.

आणि अल्कोहोल? २०२५ मध्ये आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. त्यातला काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, ॲव्हरेज कमी मिळते, अशी कुरकुर मामांच्या गॅरेजमध्ये रोज ऐकू येते, आणि ती सगळीच खोटी नाही. ठोक्याची तक्रार घेऊन येणारे मात्र हल्ली फारसे कोणी नसते.